गुलाबी बोंडअळीचा कामगंध सापळा: अख्ख्या शिवारात लावून पाहिल्यावरचा अभिप्राय

घ्यावा का, कोणता घ्यावा, आणि त्यानं अळी खरंच थांबते का? जून लागला की कपाशीच्या बोंडात शिरणाऱ्या गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्याबद्दल, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंग पकडणाऱ्या सापळ्याबद्दल, हे तीन प्रश्न आमच्या भागातल्या बचत गटांकडून हमखास येतात. मी कृषी पदवीधर आहे, घरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मीच पाहते आणि गटाची कृषी सखी म्हणूनही काम करते. आमच्या गावात हे सापळे काही खरीप वापरून झाले, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याचं उत्तर सापळ्यापाशी संपत नाही, ते धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, शेजाऱ्याच्या वावरात जातं. मला त्याच्याबद्दलच जास्त सांगायचं आहे.

आमची शेती राळेगाव तालुक्यात, वर्धा नदीच्या यवतमाळकडच्या अंगाला. काळी जमीन, बरीचशी कोरडवाहू, पऱ्हाटी आणि मधात तुरीच्या ओळी. कापूस एक तर नदीपल्याड हिंगणघाटला जातो, नाही तर गावातच खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर. म्हणजे विदर्भातल्या हजारो गावांसारखंच आमचं गाव आहे. इथं जे जमलं ते तुमच्याकडेही जमू शकतं.

आधी वस्तूबद्दल. गुलाबी बोंडअळीसाठी दोन प्रकारचे सापळे मिळतात. एक नरसाळ्याचा आणि दुसरा चिकट पत्र्याचा, ज्याला डेल्टा म्हणतात. नरसाळ्याचाच घ्या. डेल्टामध्ये पतंग चिकटतात खरे, पण आमच्याकडे पावसानं आठ-दहा दिवस दडी मारली आणि डवरण (पिकाच्या ओळींतली कोळपणी) सुरू झालं की काळी धूळ उडते, चिकटा धुळीनं भरतो आणि मग त्याच्यावर काही बसत नाही. नरसाळ्याच्या सापळ्याला वर एक गोल झाकण असतं. झाकणाच्या आतल्या बाजूला ल्युर अडकवायची खाच, खाली नरसाळं आणि नरसाळ्याला बांधलेली लांब प्लास्टिकची पिशवी. पतंग वासानं येतो, झाकणाखाली घिरट्या घालतो, नरसाळ्यात घसरतो आणि पिशवीत अडकतो.

ल्युर म्हणजे रबराची बोटाच्या पेरापेक्षा लहान टोपी. मादी पतंग नराला बोलवायला जो गंध सोडते तो त्यात भरलेला असतो. आपल्या नाकाला काही कळत नाही, त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याला फसवणूक झाल्यासारखी वाटते. पाकीट फोडलं, वास नाही, रंग नाही, हेच का ते औषध? दोन रात्री थांबा, पिशवी पाहिल्यावर ही शंका राहत नाही.

ल्युर तीन ते चार आठवडे चालतो, मग बदलावा लागतो. बदलल्याची तारीख झाकणावर मार्करनं लिहा, नाही तर सणावारात विसरायला होतं. हात स्वच्छ पाहिजेत. खर्रा घोटलेल्या किंवा औषध कालवलेल्या हातानं ल्युर धरू नका, गंध बिघडतो. सापळा पेरणीनंतर दीड महिन्यानं, पात्या (फुलांच्या कळ्या) धरायच्या सुमाराला लावायचा. पऱ्हाटीच्या शेंड्याच्या थोडा वर ठेवायचा आणि पीक वाढेल तसा काठीवर वर सरकवायचा. हे सरकवणं बहुतेक लोक करत नाहीत. सप्टेंबरात पऱ्हाटी कमरेच्या वर जाते, सापळा पानांत बुडतो आणि मग लोक म्हणतात की पतंगच येत नाहीत.

किमतीचं म्हणाल तर सापळा आणि ल्युर मिळून शंभराच्या आतबाहेर पडतात. सापळा जपला तर दोन-तीन हंगाम जातो, ल्युर तेवढा नवा घ्यावा लागतो. नुसत्या टेहळणीला एकरी दोन पुरतात. पाच एकराच्या सगळ्या सापळ्यांचा खर्च एका फवारणीच्या औषधाइतकाही होत नाही.

तक्रारी आहेत. पिशवी फार पातळ येते, वाऱ्यानं फाटते. काठीवरून मुंग्या चढतात आणि मेलेले पतंग ओढून नेतात, आकडा चुकतो. काठीला खाली ग्रीसचा पट्टा ओढला तर हे थांबतं. सगळ्यात मोठी तक्रार ल्युरच्या साठवणुकीची. ही वस्तू थंड जागी ठेवायची असते आणि विकली जाते टिनाच्या शेडमध्ये, मे महिन्याच्या यवतमाळी उन्हात तापलेल्या फळीवरून. एका वर्षी आम्ही ज्या दुकानातून ल्युर आणले त्यानं काही पाकिटं चक्क हिरव्या बोंडअळीच्या ल्युरची दिली. हरभऱ्याला चालतो तो. पाकिटावरचं बारीक इंग्रजी कोणी वाचलं नव्हतं. गुलाबीचा नर त्या वासाकडे ढुंकून पाहत नाही. त्या सापळ्यांत काही आलं नाही आणि ज्यांच्या वावरात ते लागले त्यांनी पुढच्या वर्षी सापळ्याचं नाव काढू दिलं नाही. नवा विचार घेऊन गावात जाणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. पहिल्या खेपेला हातात पडलेली वस्तू खराब निघाली तर लोक दुकानदाराला दोष देत नाहीत, विचारालाच देतात.

आता मुद्द्यावर येते. सापळ्यानं अळी थांबते का? एकट्यानं लावला तर नाही थांबत.

ह्याच्यात फक्त नर सापडतात. एक नर अनेक माद्यांना पुरतो, तेव्हा थोडेबहुत नर मेल्यानं माद्यांची अंडी काही कमी होत नाहीत. शिवाय पतंगाला पंख आहेत, त्याला तुमचा सातबारा माहीत नसतो. तुम्ही एकरी दोनाऐवजी आठ-दहा सापळे लावून नर पकडायचे ठरवलं, तरी शेजारच्या वावरातून माद्या येऊन तुमच्या पात्याफुलांवर अंडी घालून जातात. हा माल एकट्यासाठी बनलेलाच नाही. दुकानात तो एकेकाला विकला जातो आणि कामाला मात्र सगळ्यांच्या मिळूनच येतो. इतकी चांगली वस्तू वर्षानुवर्षं कृषी विभागाच्या प्रात्यक्षिकापुरती का राहिली, ह्याचं कारण मला इथंच दिसतं.

काही विचार आपल्या पायानं चालतात. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड हे दादाजी खोब्रागडे यांचं गाव. अगदी लहान शेतकरी. 1983 मध्ये त्यांना पटेल 3 या वाणाच्या धानाच्या बांधीत काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, वेगळ्या लावल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या. त्यातून बारीक तांदळाचं, चवीला उत्तम असं वाण उभं राहिलं. त्याला नावही नव्हतं, व्यापाऱ्यानं त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी म्हटलं. ना जाहिरात, ना अनुदान, ना मेळावा. शेजाऱ्यानं पायलीभर बी मागून नेलं, त्याच्याकडून पाहुण्यानं नेलं, आणि ते धान कुठल्या कुठं गेलं. दादाजी 2018 मध्ये गेले. त्यांच्या पदरात त्या मानानं किती थोडं पडलं हे सगळ्या विदर्भाला ठाऊक आहे आणि त्याचं दुःख मला आजही वाटतं. पण ते धान पसरलं कसं हे पाहा. ज्यानं लावलं त्याला एकट्याला, त्याच वर्षी, शेजाऱ्यानं लावो न लावो, फायदा झाला. बांधीच्या एका कोपऱ्यात करून पाहता आलं. आणि ताटात शिजलेला भात सगळ्यांना दिसला.

बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होणारा कापूस, तोही असाच गेला. 2002 मध्ये परवानगी मिळाली, 2006 मध्ये दुसरी पिढी आली आणि बघता बघता साधं बी दुकानातून गायब झालं. पण त्याच बियाण्याच्या पिशवीत आणखी एक विचार घालून दिला होता, तो कसा मेला हे आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं आहे. 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम बिगर बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची. वावराच्या भोवताली ते बी लावायचं, म्हणजे अळीला खायला साधी पऱ्हाटी मिळेल, बीटीला न जुमानणाऱ्या अळ्या तयार व्हायला वेळ लागेल. शास्त्र बिनचूक होतं. पण शेतकऱ्याच्या बाजूनं पाहा: स्वतःच्या जमिनीच्या कडेला अळीसाठी पीक लावा, नुकसान आज आणि स्वतःचं, फायदा दहा वर्षांनी आणि सगळ्यांचा. त्या पुड्या धुऱ्यावर पडलेल्या मी लहानपणापासून पाहिल्या. जनावरांच्या ढेपेतही गेल्या असतील. 2017 च्या खरिपापर्यंत गुलाबी बोंडअळीनं बीटीला दाद देणं बंद केलेलं होतं.

पुढं साधं बी 475 ग्रॅमच्या पाकिटात मिसळूनच द्यायला लागले. म्हणजे जी गोष्ट पंधरा वर्षं सांगून झाली नाही ती पाकीट बदलून झाली. सांगायचं काम कमी केलं आणि न करायची सोयच ठेवली नाही. हा एक रस्ता झाला. पण प्रत्येक गोष्ट अशी पिशवीत मिसळून देता येत नाही. सापळा तर नाहीच देता येत.

2017 ची आठवण आमच्या जिल्ह्यात कोणी काढत नाही, काढली तर पुढं बोलवत नाही. बोंडं बाहेरून हिरवीगार, आत अळी. अळी अंड्यातून निघाली की बोंडात शिरते आणि तिनं पाडलेलं छिद्र बुजून जातं. बाहेरून काही कळत नाही. माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस औषध वाढवतो. दोन औषधं एकत्र, मग तीन. हा विचारही शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडेच गेला होता, हे विसरून चालणार नाही. त्यानं काय मारलं, कोणाच्या दुकानातून आणलं, पंपाला किती झाकणं. त्या पावसाळ्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावर येत होता. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. पसरणारी प्रत्येक गोष्ट भल्याचीच असते असं मानणाऱ्यानं आमच्या जिल्ह्याचं ते वर्ष आठवावं.

फवारणी इतक्या सहज का पसरली? कारण ती दिसते. पंपाचा आवाज दोन वावरं पलीकडे जातो, वास येतो, पांदणीनं जाणारा थांबून विचारतो. आणि अळी नाही हे कोणाला दिसत नाही. फवारायचं नाही असं ठरवलेल्या माणसाकडे दाखवायला काहीच नसतं. त्याचं पीक वाचलं तरी ते नशीब, आणि गेलं तर तो आळशी.

ह्या ठिकाणी सापळा कामाला आला.

आमच्या गावात आधी दोन वर्षं सापळे वाटले गेले होते. सभा झाली, चहा झाला, फोटो निघाले आणि सापळे बऱ्याच घरी वळचणीला लटकले. धुऱ्यापल्याडचे काकाजी तेव्हा मला म्हणाले होते, ‘‘पोरी, पतंगं मोजून कुठी पीक वाचते का? औषध मारलं का काम खलास.’’ त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मोजलं आणि मनात ठेवलं तर खरंच काही होत नाही.

मग गटातल्या बायांनी एक गोष्ट केली. समाजमंदिराच्या भिंतीवर ग्रामपंचायतीचा काळा फळा होता, पाणीपट्टी थकल्याच्या सूचना लिहायला. तो मागून घेतला. गावाच्या शिवाराचे चार भाग केले, नदीकडचं, पांदणीकडचं, टेकाडावरचं आणि रस्त्याकडचं. प्रत्येक भागातल्या ठरावीक सापळ्यांचा सकाळचा आकडा त्याच दिवशी फळ्यावर. लिहिताना त्या वावरवाल्याचं नाव लिहायचं, आणि एकच खूण ठरवली: सलग तीन रात्री, दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर आकड्याभोवती लाल खडूनं गोल. ही मर्यादा आम्ही काढलेली नाही, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हेच सांगतात. आम्ही ती फक्त भिंतीवर आणली.

मोजायचं कसं तेही सांगते, कारण ह्याच कामात माणूस गुंततो. सकाळी दहिवर असतानाच जायचं. पिशवीचं खालचं तोंड सोडून पतंग वर्तमानपत्रावर झाडायचे. गुलाबीचा पतंग लहान, बोटाच्या नखाएवढा, राखी-तपकिरी, पंखावर काळसर ठिपके. तांदळातले खडे वेचल्यासारखे तुरीच्या काडीनं एकेक बाजूला सारायचे. बोटांना पंखाची करडी भुकटी लागते. पहिल्या दिवशी दुसरेच किडे मोजले जातात, चौथ्या दिवशी नजर बसते. मग त्याच वावरातली डोमकळी पाहायची, म्हणजे न उमललेलं, पाकळ्या गुंडाळून बसलेलं फूल. ते उघडलं की आत अळी असते. पुढं बोंडं धरल्यावर वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची. दोनांत अळी निघाली तर दहा टक्के. हे फोडणं आम्ही मुद्दाम फळ्याखाली, ओट्यावर करायला लागलो. अळी निघाली की बघायला माणसं जमतात.

गावाला पटवणारं भाषण कोणी केलं नाही. आठवडाभरानंतर लोक ग्रामपंचायतीत जाताना आकडा वाचायला लागले. टेकाडावर दोन-तीन आणि नदीकडे दहा-बारा असं दिसलं की टेकाडावरच्या माणसाचा पंप आपोआप घरी राहतो. त्याच्याकडे आता दाखवायला काही तरी आहे. बायकोनं विचारलं की सगळे मारताहेत, तुम्ही काऊन नाही, तर फळा आहे. नदीकडच्यांनी एकाच आठवड्यात मिळून पाच टक्के निंबोळी अर्क मारला. ज्यांचा आकडा त्याच्याही वर गेला त्यांनी कृषी सहायकाला विचारून एकच औषध मारलं, कालवाकालव केली नाही. आणि एका सकाळी काकाजी फळ्याजवळ उभे: ‘‘काऊन वो, आज आमच्या सापळ्याचा आकडा नाही लिहिला?’’ पिशवी फाटली होती. त्यांनी दुपारी स्वतःच्या हातानं नवी बांधली.

कृषी महाविद्यालयात विस्तार शिक्षणाच्या, म्हणजे नवी गोष्ट शेतकऱ्यापर्यंत कशी न्यायची ह्याच्या, तासाला एक जुना अभ्यास शिकवतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1928 च्या सुमाराला संकरित मका आला. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी 1941 मध्ये दोन गावांतल्या 259 शेतकऱ्यांना विचारलं, तुम्ही तो कधी घेतला आणि कोणाच्या सांगण्यावरून. 1943 मध्ये ते छापून आलं. विचारलं तोपर्यंत दोघं सोडून सगळ्यांनी तो मका घेतला होता. बहुतेकांना पहिली बातमी दिली होती बियाण्याच्या विक्रेत्यानं, पण ज्याच्या शब्दावर ठरवलं तो शेजारी होता. आणि इतकं फायद्याचं वाण असूनही माणसांनी वर्षानुवर्षं घेतली. आधी थोड्या जागेत लावलं, मग वाढवलं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे, फळ्याजवळ उभं राहिल्यावर मला समजलं. बातमी मोबाईलवर येते, कृषी केंद्रात येते, आणि आमच्याकडे तर रोज येते. शब्द शेजाऱ्याचा लागतो. त्यातही एका शेजाऱ्याचा पुरत नाही. तिघं-चौघं वेगवेगळ्या आळीतले, वेगवेगळ्या जातीचे, एखादा विहिरीवाला आणि एखादा कोरडवाहू, असे करताना दिसले पाहिजेत. सगळे एकाच भावकीतले दिसले तर बाकीचं गाव म्हणतं, त्यांचं काही तरी ठरलेलं आहे.

त्याच तासाला शिकवलेली एक गोष्ट मला पटली नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. सगळ्यात शेवटी येणाऱ्यांना तिथं पिछाडीवाले म्हणतात, जुन्या वळणाचे, बदल नको असलेले. आमच्या गटात एक वहिनी आहेत. नवरा गेला, चार एकर मक्त्यानं वाहतात. त्या सापळ्यात यायला सगळ्यात मागं होत्या. मी घरी गेले तर म्हणाल्या, ‘‘बाई, तुमच्या म्हणण्यावर फवारा थांबवला अन् बोंडं गेली, तं मक्ता मी कोठून देऊ?’’ ह्याच्यात जुनं वळण कुठं आहे? पंधरा एकरवाला एक एकरात प्रयोग करतो, फसला तर चौदा उरतात. चार एकर मक्तेवालीला प्रयोगाला जागाच नाही. गटानं मग ठरवलं की त्यांचे सापळे आणि निंबोळी अर्क गटाचा, आणि त्यांच्या वावराचा आकडा सगळ्यांत आधी मोजायचा. त्या हंगामात त्या आल्या आणि आता पांदणीकडचे आकडे त्याच मोजतात. नव्या विचाराला शेवटचा माणूस मिळत नसेल तर त्याच्या मनाची उलटतपासणी घेण्याआधी त्याच्या अंगावर किती जोखीम आहे ते पाहावं. सरकारी योजना आखणाऱ्यांनी तर हे आधी पाहावं.

सगळं जमलं असं नाही. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन ठेवलेल्या पऱ्हाटीचा, प्रश्न सुटलेला नाही. डिसेंबर अखेर पीक मोडलं, मेंढपाळांचे कळप आत सोडून उरलेली बोंडं चारली, तर अळीची साखळी तुटते हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला फेब्रुवारी-मार्चचा वेचा दिसतो, त्याचे पैसे खरे असतात. त्याच्या फरदडीतली अळी पुढच्या खरिपात कोरडवाहूवाल्याच्या वावरात उतरते. इथं फळा पुरत नाही. फायदा एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा असेल तर आकडा दाखवून माणूस हटत नाही, गावानं बसून ठरवावं लागतं. आमच्या ग्रामसभेत दोनदा विषय निघाला, दोनदा पुढं ढकलला. काही विहिरीवाल्यांनी मात्र आपणहून पऱ्हाटी काढून गहू-हरभरा घेतला. त्यांची नावं आम्ही फळ्यावर लिहिली. मला ते लिहिणं फार महत्त्वाचं वाटतं, गावात चांगुलपणाही दिसला पाहिजे.

पऱ्हाट्यांचंही तसंच. वाळलेल्या पऱ्हाट्यांत आणि उरलेल्या कवड्यांत (किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत) अळी कोषात दबून राहते, म्हणून त्या लवकर संपवा असं प्रत्येक पत्रकात असतं. पत्रक लिहिणाऱ्याला हे माहीत नसावं की गॅसची टाकी घरात असूनही आमच्याकडे पाणी तापवायला, भाकरी भाजायला पऱ्हाटीच जळते. घरामागं रचलेला तो ढीग बाईचं पावसाळ्याचं सरपण आहे. तो मोडा म्हणून पुरुषांच्या सभेत सांगितलं तर कोण ऐकणार? आम्ही बायांशीच बोललो. ढीग वावराजवळ न ठेवता गावात ठेवायचा, मेच्या आत होईल तेवढा जाळून संपवायचा, आणि उरलेल्या ढिगाजवळ एक सापळा लावायचा. उन्हाळ्यात त्या सापळ्यात पतंग आलेले पाहिल्यावर दोघी-तिघींनी ढीग आपणहून मोडला. सरकी साठवणाऱ्या जिनिंगच्या आवारातही असे सापळे लागायला पाहिजेत, तिथून पतंग फार निघतात.

गाडगेबाबा आमच्याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात शिरल्यावर ते आधी झाडू हातात घ्यायचे आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहायचे. तोपर्यंत साऱ्या गावानं झाडलेला रस्ता पाहिलेला असायचा. कीर्तनातही ते लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्या तोंडून घ्यायचे. सापळे वाटून, चहा पाजून, फोटो काढून निघून जाणाऱ्यांनी ह्या क्रमाचा विचार करावा. आमच्याकडे पहिली दोन वर्षं भाषण आधी होतं आणि काम नंतर, तेही लोकांनी करायचं होतं.

तर खरेदीचं शेवटचं. नरसाळ्याचा सापळा घ्या, एकरी दोन, पण एकटे घेऊ नका. धुऱ्याला लागून असलेल्या पाच-सहा जणांना सोबत घेतल्याशिवाय पैसे घालू नका. ल्युर जूनमध्येच घेऊन ठेवू नका, लावायच्या आठवड्यात घ्या, पाकिटावर गुलाबी बोंडअळीचंच नाव आहे का आणि तयार केल्याची तारीख काय हे दुकानातच वाचून पाहा. घरी फ्रिज नसेल तर पाकीट न फोडता माठाजवळ ठेवा. बनवणाऱ्या कंपन्यांना माझं सांगणं एवढंच: पिशवी जाड करा, तारीख मोठ्या अक्षरांत मराठीत छापा आणि पाकिटावर पतंगाचं खऱ्या मापाचं चित्र द्या. मोजणारी बाई ते पाकीट वर्तमानपत्राशेजारी ठेवून ताडून पाहील. दुकानदारांनी ल्युर पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नये. हंगाम संपला की सापळे धुऊन, पिशव्या काढून गटाच्या खोलीत टांगून ठेवा. पाकीट फोडलेले ल्युर पुढच्या वर्षाला चालत नाहीत, ते फेकून द्या.